पाण्याकाठचा चित्रकार

चित्रकलेच्या तासाला मुलांना 'निसर्गचित्र काढा' असे सांगितले, की पुढे काय घडते ते सर्वांना ठाऊक आहे. प्रथम कागदाच्या वरच्या भागात तीन त्रिकोणी डोंगर उभे राहतात. दोन डोंगरांच्या फटीतून अर्धा सूर्य डोके वर काढतो आणि त्याला चाकाच्या आऱ्यांप्रमाणे किरण फुटतात. डोंगरातून एक नदी वाकडीतिकडी वाहत येते आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यातून मुकाट्याने निघून जाते. तिच्या काठी एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड, आणि वर आडव्या कंसांसारखे पाच-सहा पक्षी. झाले निसर्गचित्र!

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा या गावी चित्रकला शिकवण्यात माझे उभे आयुष्य गेले. अशी निसर्गचित्रे मी किती तपासली असतील त्याची गणती नाही. गंमत अशी, की वरोऱ्याच्या आसमंतात नारळाची रांग कुठे दिसायची नाही. त्रिकोणी डोंगर तर नाहीच नाही. आमच्याकडे आहे ती सपाट काळी जमीन, कपाशीची शेते, बांधावरचे पळस आणि मोह, पश्चिमेला वर्धा नदी, आणि पूर्वेकडे गेले की दाट होत जाणारे सागवानाचे व बांबूचे जंगल. ज्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर फाल्गुनात पळस पेटलेला असतो, तेच मूल वर्गात येऊन हिरव्या खडूने नारळ काढते. पळस त्याने पाहिलेला नसतो असे नाही. पण पळस चित्रात काढण्याजोगा असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मुलांना कशाला नावे ठेवावी? मोठ्यांचेही तेच. चित्रकाराला प्रेरणा कोठून मिळते असे विचारले, की 'निसर्गापासून' हे उत्तर तयार असते, आणि निसर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काश्मीर उभे राहते, महाबळेश्वर उभे राहते, कोकणचा किनारा उभा राहतो. निसर्ग म्हणजे रजा काढून, गाडीचे तिकीट काढून पाहायला जाण्याची वस्तू, असा आपला समज झाला आहे. आपल्या परसातल्या, आपल्या वेशीबाहेरच्या निसर्गाला आपण निसर्ग म्हणतच नाही. तो नुसता 'गाव' असतो.

या समजाला आयुष्यभर आपल्या कुंचल्याने उत्तर देणारा एक चित्रकार महाराष्ट्रात होऊन गेला. त्याची ओळख दिवाळीच्या या फुरसतीत वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेख. त्याचे नाव आबालाल रहिमान, गाव कोल्हापूर. त्याचा निसर्ग म्हणजे गावातली तळी.

१

आबालालांची थोरवी कळायची तर आधी थोडे मागे जायला हवे. आपल्याकडे चित्रांत निसर्ग नव्हता असे मुळीच नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर झाडे आहेत, कमळे आहेत, हंस आहेत. पहाडी चित्रकारांनी काळ्या ढगांवर बगळ्यांच्या रांगा काढल्या आहेत. पण तो सारा निसर्ग कथेच्या सेवेला उभा असतो. ढग दाटून येतात ते राधेच्या मनातले सांगण्यासाठी. झाड वाकते ते बोधिसत्त्वावर छाया धरण्यासाठी. राधा नाही, कृष्ण नाही, राजा नाही आणि त्याचा हत्तीही नाही. नुसते झाड, नुसते पाणी आणि त्यावरचा उजेड हाच चित्राचा नायक, ही कल्पना चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीच रुजलेली होती. आपल्याकडे मात्र ती उशिरा आली, आणि आली ती बहुतांशी साहेबाबरोबर.

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यात इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट याने सवाई माधवरावांच्या संमतीने एक चित्रशाळा चालविली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेथे शिकवी. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची व्यक्तिचित्रे काढणारा तो हाच. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट नावाचा एक मराठी कारागीर तयार झाला आणि त्याने वेरूळच्या लेण्यांची समोर बसून चित्रे काढली. 'समोर बसून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाठ असलेले न काढता डोळ्यांपुढे आहे ते काढायचे, ही नवी शिस्त होती. वेल्स १७९५ साली वारला, पेशवाई पुढे बुडाली, आणि तो धागा तेथेच तुटला.

तो पुन्हा जुळला मुंबईत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा निघाली. 'जे. जे.' या दोन अक्षरांनी ती पुढे साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाली. जॉन ग्रिफिथ्स या तिच्या अध्यापकाने १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. छाया-प्रकाश, यथार्थदर्शन, जलरंग, तैलरंग यांचे पाश्चात्त्य शिक्षण तेथे पद्धतशीर मिळू लागले.

आणि याच सुमारास आमच्या मुलखाशीही निसर्गचित्रकलेचा एक संबंध आला, तो सांगण्यासारखा आहे. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि पुढल्याच वर्षी रिचर्ड टेंपल हा त्याचा चीफ कमिशनर म्हणून नागपुरास आला. आमचा चांदा जिल्हा त्याच्याच अमलाखाली. गृहस्थ मोठा कामसू. घोड्यावर बसून प्रांत पालथा घाली आणि जलरंगात निसर्गचित्रे काढण्याचा त्याला विलक्षण नाद. पुढे १८७७ ते १८८० या काळात तो मुंबईचा गव्हर्नर झाला. तरी हा नाद सुटला नाही. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रदेशांची त्याची चित्रे पुढे पुस्तकरूपानेही निघाली.

टेंपलला सौंदर्यदृष्टी नव्हती असे कोण म्हणेल? पण त्याचा निसर्ग हा दौऱ्यावरचा निसर्ग होता. आज येथे तंबू, उद्या तेथे. नदी दिसली, किल्ला दिसला, सूर्यास्त दिसला, पेटी उघडली, चित्र झाले, पेटी मिटली. ज्याला उद्या पुढे जायचे आहे, त्याला देखावा दिसतो. ज्याला तेथेच राहायचे आहे, त्याला काय दिसते, हे दाखवायला आबालाल यावे लागले.

२

आबालालांचा जन्म कोल्हापुरातला. घराण्यात अरबी-फारसीची विद्या होती आणि कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणे हा घरचा व्यवसाय होता. हा तपशील मला फार अर्थपूर्ण वाटतो. हस्तलिखिताचे काम म्हणजे धीराचे काम. बोरूचा एक फटकारा चुकला तर सबंध पान वाया जाते. अक्षर तेच, ओळ तीच, ग्रंथ तोच. पण प्रत्येक प्रत पहिल्याच भक्तीने लिहायची. 'हे तर मागेही लिहिले होते' असे म्हणून कंटाळायची सोय नाही. पुढे आयुष्यभर आबालाल एकच तळे पुन्हा पुन्हा रंगवीत बसले, त्याचे बीज मला या घरच्या संस्कारात दिसते.

मुलाच्या हातात चित्रकला आहे हे लवकरच लक्षात आले आणि आबालाल मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी मुंबईत 'बॉम्बे आर्ट सोसायटी' स्थापन झाली. म्हणजे पाहा, चित्रकाराला प्रदर्शने, पारितोषिके, गिऱ्हाइके मिळण्याचे दिवस मुंबईत नुकते कोठे उजाडत होते, आणि नेमक्या त्याच घडीला हा तरुण गळ्यात सुवर्णपदक घालून उभा होता. राजा रविवर्म्यांचे नाव तेव्हा सर्वतोमुखी होते. संस्थानिकांना स्वतःची, राण्यांची, दिवाणांची तैलचित्रे हवी होती. व्यक्तिचित्रे काढणाऱ्या चांगल्या चित्रकाराला अन्नाची ददात पडण्याचे कारण नव्हते.

आबालाल कोल्हापुरास परत आले.

कोल्हापूरचेच दुसरे एक थोर चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर. ते १८६७ साली जन्मले, १८९० साली जे. जे. मध्ये शिकायला गेले आणि मुंबईचेच झाले. त्याच संस्थेत त्यांनी मानाची पदे भूषविली आणि त्यांच्या चित्रांनी महाराष्ट्रातील घरेदारे सजली. एकाच गावचे दोन कलावंत, एकाच शाळेत शिकलेले. एकाने गाव सोडून कीर्ती मिळवली, दुसरा कीर्ती सोडून गावी आला. धुरंधरांनी केले ते चूक आणि आबालालांनी केले ते बरोबर, असे मला म्हणायचे नाही. महाराष्ट्राला दोघेही हवे होते. पण दुसऱ्याचा मार्ग अधिक अनोळखी आहे, म्हणून तो निरखून पाहिला पाहिजे.

सुदैवाने कोल्हापुरास त्या वेळी गुणाची पारख करणारा राजा लाभला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली राज्याची सूत्रे हाती घेतली. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला त्यांनी आश्रय दिला, मल्लांना दिला, तसा आबालालांनाही दिला. आबालाल दरबारचे चित्रकार झाले. पण दरबारी म्हणून जो थाट डोळ्यांपुढे येतो, तो त्यांच्याजवळ नव्हता. त्यांची राहणी एखाद्या फकिरासारखी साधी होती. कागद, रंग आणि समोर पाणी, एवढे असले की त्यांचे भागत असे. बाजारचे रंग नसले तर पाने, फुले, माती, दगड यांतून ते रंग तयार करून घेत, असे सांगतात.

३

आता पाण्याकडे येऊ. जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव. रंकाळा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या काठाशी पाण्यात संध्यामठ नावाचा दगडी मंडप आहे. पावसाळ्यात रंकाळा भरला, की मंडप बुडतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. गावाच्या पूर्वेस कोटितीर्थ आहे. काठी देऊळ, झाडे, शांत पाणी. आबालाल या कोटितीर्थाच्या आसऱ्याने राहिले. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट, एवढीच त्यांची तीर्थयात्रा. चालत जावे आणि दिवे लागायच्या आत चालत घरी यावे, इतक्या अंतरातले सगळे.

त्यांची चित्रे पाहण्यासाठी मी एकदा मुद्दाम कोल्हापूरला गेलो. वरोऱ्याहून कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसरे टोक. वर्ध्यास महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडावी आणि एक सबंध दिवस खिडकीबाहेर बघत बसावे. कापूस मागे पडतो, ज्वारी लागते, ज्वारी मागे पडते, ऊस लागतो. काळ्या मातीची तांबडी माती होते. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात मी त्यांच्या चित्रांपुढे उभा राहिलो आणि पहिल्यांदा मनात आले ते हे, की किती लहान आहेत ही! राजवाड्यातील तैलचित्रांसारखे ती तुम्हांला दटावीत नाहीत. जवळ जावे लागते. आणि जवळ गेले, की देऊळ नाहीसे होते, झाड नाहीसे होते. उरतात नुसते रंगाचे लहान लहान ठिपके आणि फटकारे. दोन पावले मागे आलो, की पाणी पुन्हा हलू लागते.

ज्यांनी हातात कुंचला धरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. जलरंगात काम करताना पांढरा रंग वापरायचा नसतो. कागदाचा जो पांढरेपणा, तोच तुमचा उजेड. तो एकदा झाकला, की परत आणता येत नाही. म्हणून उजेड कोठे राखायचा हे पहिला थेंब टाकण्यापूर्वी ठरवावे लागते. त्यातून पाणी रंगवणे हे सर्वांत अवघड. कारण पाण्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. ते आकाशाचे असते, झाडाचे असते, देवळाच्या पायरीचे असते, आणि वाऱ्याची झुळूक आली की कोणाचेच नसते. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे उलटे केलेले झाड, असे आपल्याला वाटते. पण नीट पाहिले तर काळ्या वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडे उजळ असते आणि उजळ वस्तूचे थोडे काळसर. एवढी गोष्ट ध्यानात यायला मला स्वतःला बरीच वर्षे लागली. तीही एकाच तळ्याकाठी पुन्हा पुन्हा बसल्यावर. रोज नव्या तळ्यावर गेलो असतो तर ती कधीच ध्यानात आली नसती.

आबालालांच्या चित्रांतील हे ठिपके आणि फटकारे पाहून जाणत्यांना फ्रान्समधील इंप्रेशनिस्ट चित्रकारांची आठवण होते. त्या मंडळींनी पॅरिसमध्ये पहिले प्रदर्शन भरविले ते १८७४ साली. त्यांतला अग्रणी क्लोद मोने १८८३ साली जिव्हेर्नी या खेड्यात राहायला गेला आणि १९२६ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. गवताच्या गंजींची चित्रे त्याने सकाळी, दुपारी, संध्याकाळी, बर्फात, धुक्यात काढली. आणि शेवटची कित्येक वर्षे तो आपल्या बागेतील कमळांचे एकच तळे रंगवीत बसला. त्याच वर्षांत हजारो मैलांवर कोल्हापुरात आबालाल कोटितीर्थ रंगवीत होते. एकाच्या मागे पॅरिसचे समीक्षक, विक्रेते, श्रीमंत संग्राहक होते. दुसऱ्याच्या मागे घाटावर धुणे आपटणाऱ्या बाया. पण दोघांना उमगलेले सत्य एकच होते. जपानच्या होकुसाईने एकाच फुजी पर्वताची छत्तीसांहून अधिक चित्रे काढली, त्यातलेही मर्म हेच. जागा बदलली नाही म्हणजे निसर्ग संपला असे होत नाही. उलट जागा बदलायची थांबली म्हणजेच निसर्ग बदलताना दिसू लागतो.

प्रेरणेविषयी बोलताना आपण तिला विजेसारखी समजतो. ढगातून येते, क्षणभर चमकते, जाते. आबालालांची प्रेरणा विजेसारखी नव्हती. ती घरातल्या देवापुढच्या दिव्यासारखी होती. रोज तेल घालावे लागते, रोज वात सारावी लागते. त्यांनी आयुष्यात वीस हजारांच्या घरात चित्रे काढली असे सांगतात. हा आकडा कोणी मोजून लिहून ठेवला असेल असे नव्हे. पण रोजचा नेम असल्याशिवाय कोणाविषयी असे आकडे बोलले जात नाहीत.

४

१९२२ साली शाहू महाराज निवर्तले. आबालालांचा आधार तुटला. कोल्हापुरात एक कथा सांगतात, की त्या दुःखाच्या भरात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे पाण्यात सोडून दिली. कथा खरी असो वा लोकांच्या प्रेमातून उगवलेली असो, तिच्यात एक मर्म आहे. ज्याचे होते त्याला परत केले, असा तिचा अर्थ. १९३१ साली आबालालही गेले. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या बरोबरीचे कोल्हापूरचे कलावंत यांनी त्यांची आठवण गुरूप्रमाणे जपली. मुंबईपुण्याच्या रसिकांपर्यंत त्यांचे नाव पोचायला मात्र फार दिवस लागले.

या कथेपेक्षाही मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी एक गोष्ट. कोल्हापूरची कित्येक तळी आज राहिलेली नाहीत. कपिलतीर्थाच्या जागी मंडई भरते. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. तेथे सभा होतात, मुले चेंडूफळी खेळतात. कोटितीर्थ आहे, पण त्याच्या अंगाला शाहू मिल उभी राहिली. तिची स्थापना १९०६ सालची. गावाला मंडई हवी, मैदान हवे, गिरणीही हवीच. तक्रार कशाची करायची? पण पाणी गेले म्हणजे त्या पाण्यावर पडणारा उजेडही जातो, आणि तो उजेड कोणत्याही नकाशात, कोणत्याही सरकारी दप्तरात लिहून ठेवलेला नसतो. तो आबालालांच्या हातभर कागदांवर आहे. आपण केवळ सौंदर्य म्हणून जे पाहतो, ते गावाचे दप्तरच होते हे मागाहून कळते.

आणि येथेच मला माझे वरोरा आठवते. १९०६ हे साल आमच्याही गावाच्या इतिहासात आहे. इंग्रज सरकारने १८७०नंतर वरोऱ्यास कोळशाची खाण चालविली. त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली आणि कित्येक वर्षे ती वरोऱ्यापाशीच संपत असे. ती खाण १९०६ साली बंद पडली. पण जमिनीखालचा कोळसा काही संपला नव्हता. पुढे माजरी, दुर्गापूर, पद्मापूर अशा खाणी होत गेल्या, चंद्रपुरास विजेचा मोठा कारखाना झाला. आता उघड्या खाणींतून कोळसा निघतो. वरची माती उपसून शेजारी रचतात, आणि तिचे उंच ढिगारे क्षितिजावर दिसतात. आमच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या कागदावर जे त्रिकोणी डोंगर काढले, ते अखेर आमच्या मुलखात उभे राहिले. पण ते देवाने रचलेले नव्हेत, यंत्राने रचलेले!

या ढिगाऱ्यांखाली कोणती शेते होती, कोणता नाला कोठून वळत होता, कोणत्या बांधावर मोहाचे झाड होते, हे सातबाऱ्यावरून कळेल कदाचित. पण त्या नाल्यावरची आषाढातली संध्याकाळ कशी दिसत होती, हे कोणाला विचारायचे? आमच्याकडे आबालाल झाला नाही.

५

आमच्याकडे रंगवण्याजोगे आहे तरी काय, असे कोणी विचारील. ऐका तर मग.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्याच्यावर एक पान नसते. काळ्या, वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांवर भडक केशरी फुले. तो रंगवायला बसा; नुसता केशरी रंग फासला तर ते जिलबीचे दुकान दिसते. मागच्या रानाचा धुरकट राखी रंग आधी साधला, तरच पळस पेटतो. चैत्रात मोह गळतो. पहाटे झाडाखाली जमीन झाडून ठेवलेली असते, तीवर फिकट पिवळसर मोती पसरलेले दिसतात आणि बायका-मुले टोपल्या घेऊन वाकलेली असतात. हा उजेड अर्ध्या तासाचा. ऊन चढले की खेळ खलास. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि आमचे आकाश निळे राहतच नाही. ते पांढरे होते. त्या दिवसांत जलरंगाचा हात कागदावर फिरवावा तर अर्धे चित्र होण्याच्या आत रंग वाळून कडा पडतात. कोल्हापूरच्या चित्रकाराला पावसाळ्यात कागद वाळत नाही म्हणून रडावे लागत असेल. आमचे रडगाणे उलटे. पण त्या भगभगीत उन्हात मोहाखालची सावली जांभळी असते. विश्वास बसत नसेल तर पाहून या.

आषाढात काळी माती पाणी पिते आणि इतकी काळी होते की तिच्यात निळा रंग मिसळावा लागतो. श्रावण-भाद्रपदात जंगलाच्या माथ्यावर सागाचा फिकट मोहर येतो. दुरून पाहिले तर हिरव्या रानावर कोणी भात सांडला असे वाटते. सागाचे कोवळे पान हाताच्या तळव्यावर चोळले तर तळवा लाल होतो. हा रंगाचा पहिला धडा आमच्या भागातल्या पोरांना कोणी मास्तर शिकवीत नाही. आणि आता ही दिवाळी. कपाशीची बोंडे उकलू लागलेली, पाडव्याला गोवारी मंडळी रंगवलेल्या, सजवलेल्या गाई घेऊन निघालेली, आणि सायंकाळी शेतांवर उतरलेला धुक्याचा पातळ पदर. अजून काय हवे?

राहून पाहण्याने काय होते, याचा दाखला चित्रकलेबाहेरचाही आमच्या गावात आहे. १९५१ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन वसविले. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली, हे सर्वश्रुत आहे. त्या जमिनीकडे पाहून कोणी प्रवासी थांबला नसता. पण ज्यांना जगाने हाकलले होते, ज्यांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती, ते तेथे राहिले. त्यांनी विहिरी खणल्या, तळी केली, झाडे लावली. आज तेथे सावली आहे, पाणी आहे. कुंचला आणि कुदळ ही वेगळी हत्यारे. पण जमिनीला 'तू माझी' म्हणून तिच्यापाशी बसून राहण्याची वृत्ती एकच. निसर्गापासून प्रेरणा मिळते असे आपण म्हणतो. मला वाटते, निसर्ग आधी तुमची परीक्षा पाहतो, हा उद्या येईल का, परवा येईल का, पावसात येईल का. जो येत राहतो, त्यालाच तो काही सांगतो.

आबालालांना तो आयुष्यभर सांगत राहिला. पदके, प्रदर्शने, मुंबईची वाहवा यांतले पुष्कळसे त्यांच्या वाट्याला आले नाही. पण एक भाग्य त्यांना असे लाभले, की ते थोर थोर चित्रकारांनाही क्वचितच लाभते. आपण कोठले, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्यांची चित्रे पाहणाऱ्यालाही पडत नाही.

वर्धेचा पूर ओसरला, की काठच्या गाळावर काही दिवस एक ओलसर, रुपेरी उजेड पडतो. तो पांढऱ्या रंगाने येत नाही, राखी रंगानेही येत नाही. मी पुष्कळ कागद खर्ची घातले आहेत. तो दर वर्षी पडतो, आठ-दहा दिवस राहतो आणि गाळ वाळला की जातो. त्याचा चित्रकार अजून यायचा आहे. तो बाहेरून येईल असे मात्र मला वाटत नाही.